नवी राज्यघटना आणि जनतेचा कौल: चिलीने दोनदा दिलेल्या नकाराकडे कसे पाहावे?

फैजपूरकर (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी. नागरिकशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली आणि निवृत्तीनंतरही हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून एका दूरच्या देशाचा प्रश्न आज आपल्या खान्देशी मंडळींपुढे ठेवतो आहे. चिलीमध्ये २०२२ साली आणि पुन्हा २०२३ साली नव्या राज्यघटनेचे दोन वेगवेगळे मसुदे सार्वमतासाठी ठेवले गेले आणि लोकांनी दोन्ही फेटाळले. त्यांपैकी पहिला मसुदा मंजूर व्हायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे. ज्यांना तसे वाटत नाही, त्यांचे म्हणणे मला मनापासून ऐकायचे आहे.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपसलेले कष्ट, चित्रकार नंदलाल बोसांनी बांबू वापरून केलेली सजावट, या गोष्टी आमच्या भागात अजून सांगितल्या जातात. तिथे झालेल्या ठरावाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. नेहरूंच्या अध्यक्षतेखाली त्या अधिवेशनाने ब्रिटिशांनी केलेला १९३५ चा भारत सरकार कायदा नाकारला आणि देशाची घटना ठरवण्याचा अधिकार प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या घटना समितीलाच आहे, अशी भूमिका घेतली. प्रत्यक्षात १९४६ ची घटना समिती प्रांतिक विधिमंडळांनी निवडली, आणि त्या विधिमंडळांसाठी मत देण्याचा हक्क मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या अटीत बसणाऱ्यांपुरताच होता. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली तीही त्याच समितीने. सार्वमत झाले नाही. फैजपूरने जे मागितले ते आपल्याला त्या रूपात मिळाले नाही. चिलीच्या लोकांना ते मिळाले, आणि त्यांनी हाती आलेला मसुदा परत पाठवला.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चिलीची चालू घटना १९८० ची, लष्करशहा पिनोशे यांच्या काळातली आहे. तिच्यावर ११ सप्टेंबर १९८० रोजी सार्वमत झाले खरे, पण तेव्हा पक्षांवर बंदी होती आणि मतदारयाद्याच अस्तित्वात नव्हत्या. पुढे १९८९ आणि २००५ मध्ये तिच्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या, तरी मूळचा शिक्का पुसला गेला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये सांतियागोच्या मेट्रोचे भाडे ३० पेसोंनी वाढले आणि त्या निमित्ताने वर्षानुवर्षे साचलेला असंतोष रस्त्यावर आला. वर्षभराने झालेल्या मतदानात ७८ टक्के लोकांनी नवी घटना हवी असे सांगितले. मग १५५ जणांची घटना परिषद निवडली गेली. तीत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या, १७ जागा आदिवासी समाजांसाठी राखीव होत्या, आणि पहिल्या अध्यक्ष होत्या मापुचे या आदिवासी समाजातल्या भाषाभ्यासक एलिसा लोंकोन. परिषदेने वर्षभरात ३८८ कलमांचा मसुदा तयार केला आणि ४ सप्टेंबर २०२२ रोजी सुमारे ६२ टक्के मतदारांनी तो नाकारला.

मला त्या मसुद्याची ओढ वाटली ती पाण्याच्या कलमांमुळे. चालू घटनेने पाण्यावरचा हक्क ही खासगी मालमत्ता मानली आणि १९८१ च्या जलसंहितेने तो हक्क जमिनीपासून सुटा करून खरेदी-विक्रीचा माल केला. पेतोर्का नावाच्या खोऱ्यात त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो: डोंगरउतारावर निर्यातीच्या अवोकाडोच्या हिरव्यागार बागा, आणि खालच्या वस्त्यांना टँकरचे पाणी. बोदवडकडे एका नातलगाच्या गावी वैशाखात मी टँकर येताना पाहिला आहे. टँकर थांबायच्या आधीच बायका त्याच्या मागे धावत होत्या, नळी कोणाच्या हंड्यात आधी जाईल यावरून सख्ख्या जावांमध्ये बोलाचाली झाली, आणि टँकर गेल्यावर चिखलात साचलेले पाणी एक मुलगी वाटीने भरत होती. पाणी कोणाच्याही मालकीचे असू शकत नाही आणि पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला, असे सांगणारी घटना हातात असताना माणसे नाही म्हणतात, हे मला उमगत नाही.

पांझराकाठ

गुरुजी, धाग्याबद्दल आभार. आपल्या भावनेचा मान राखून मी विरुद्ध बाजू मांडतो, कारण चिलीच्या जनतेने २०२२ मध्ये दिलेला निकाल मला योग्य वाटतो.

आधी एक वस्तुस्थिती. आपण ज्या पेतोर्काचा दाखला दिला, त्या पेतोर्का तालुक्यानेही बहुमताने मसुदा नाकारला. देशाच्या सोळाही विभागांत नकाराचीच सरशी झाली. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या माणसांनीही नकार दिला असेल, तर त्याचा अर्थ त्यांना पाणी नको होते असा होत नाही. पाण्यासोबत आलेले बाकीचे त्यांना मान्य नव्हते, किंवा हा कागद पाणी आणील यावर त्यांचा विश्वास बसला नाही, असाच तो घ्यावा लागतो.

धुळ्याच्या न्यायालयात इतकी वर्षे काढल्यावर एक गोष्ट मनावर ठसली आहे. वाटणीपत्र टिकते ते त्यातल्या भाषेमुळे नव्हे, तर ज्या भावाला कमी मिळाले त्यानेही त्यावर सही केलेली असते म्हणून टिकते. घटनेचेही तसेच आहे. चिलीच्या परिषदेत प्रत्येक कलमाला दोन तृतीयांश मतांची अट होती, आणि उजव्या पक्षांना १५५ पैकी ३७ जागा मिळाल्या, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी. त्या दिवसापासून परिषदेला त्यांची संमती लागतच नव्हती. ज्या अटीचा हेतू सर्वांना एकत्र बसवण्याचा होता, ती अट त्यांना बाजूला बसवून पार पडली. दोनशे वर्षांच्या सिनेटच्या जागी कमी अधिकारांचे प्रादेशिक सभागृह, आदिवासी समाजांसाठी वेगळी न्यायव्यवस्था, यांसारख्या मोठ्या बदलांवर देशात एकमत नव्हते; परिषदेत मात्र ते मंजूर होत गेले.

आपल्या घटना समितीत काँग्रेसचे प्रचंड बहुमत होते. तरीही मसुदा समितीचे अध्यक्षपद काँग्रेसचे कट्टर टीकाकार असलेल्या डॉ. आंबेडकरांकडे दिले गेले आणि सात जणांच्या त्या समितीत मुस्लिम लीगचे सादुल्लाही होते. मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये छापून लोकांपुढे ठेवला, त्यावर महिनोन्‌महिने सूचना येत राहिल्या, समितीत २,४७३ दुरुस्त्या प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. सार्वमत झाले नाही हे खरे, पण विरोधकाला उत्तर दिल्याशिवाय कलम पुढे सरकत नव्हते. मला विचाराल तर लोकमान्यतेची खरी परीक्षा तिथे झाली.

अक्राणी

वकीलसाहेब, वेगळ्या न्यायव्यवस्थेचा उल्लेख तुम्ही ज्या काळजीच्या सुरात केला, त्यावर मला बोलायचे आहे. मी धडगावकडची, पावरा समाजातली.

२०१७ च्या जनगणनेत चिलीच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण सुमारे १३ टक्के होते, आणि चालू घटनेत त्यांना मान्यताही नाही. नव्या मसुद्याने देश ‘बहुराष्ट्रीय’, म्हणजे अनेक राष्ट्रसमाजांचा मिळून बनलेला, असल्याचे पहिल्याच कलमात म्हटले, अकरा समाजांची नावे घेतली, त्यांच्या जमिनीला आणि स्वायत्ततेला जागा दिली. याला देश तोडणे म्हटले गेले, तेव्हा मला वाईट वाटले, कारण आपल्या देशाने घटनेत आदिवासी भागांसाठीची पाचवी अनुसूची लिहिली आणि देश तुटला नाही. घटना समितीत आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा उभे राहिले आणि लोकशाही आदिवासींना शिकवायची गोष्ट नव्हे, ती त्यांच्याकडूनच शिकावी लागेल, या अर्थाचे बोलले. आज अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर हे तालुके संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. शिरपूर, साक्री, शहादा, नंदुरबार, चोपडा, यावल आणि रावेर या तालुक्यांतली कित्येक गावेही आहेत. गुरुजी, तुमच्या तालुक्यातलीही.

माझा मुद्दा हा की कागदावर आधी यावे लागते. पाचवी अनुसूची १९५० ची. ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा आला १९९६ मध्ये. आपल्या राज्याचे त्याचे नियम झाले २०१४ मध्ये. चौसष्ट वर्षे गेली. पण १९५० मध्ये ते कलम नसते, तर १९९६ मध्ये बोट ठेवायला जागाच नसती. म्हणून मी चिलीत असते तर होकारच दिला असता.

तरी एक गोष्ट मी लपवणार नाही. मापुचेंचा मूळ प्रदेश असलेल्या आराउकानिया विभागात सत्तर टक्क्यांहून जास्त मते नकाराची पडली. तिथे बिगर-आदिवासींची वस्ती मोठी आहे हे त्याचे एक कारण आहे, पण सगळे कारण तेवढेच नाही. आदिवासींची संख्या जास्त असलेल्या तालुक्यांतही नकार मोठा होता. याचा विचार करताना मला आमच्या पाड्यावरची एक ग्रामसभा आठवते. ठराव मराठीत लिहिलेला होता, ग्रामसेवक तो मराठीत वाचून दाखवत होते, आणि माझ्या शेजारी बसलेली आजी अंगठ्याला शाई लावून घेता घेता मला पावरीत विचारत होती की आपल्या महूच्या (मोहाच्या) झाडांचे यात काय लिहिले आहे. त्या ठरावात महूच्या झाडांविषयी खरोखर एक ओळ होती, आणि ती आमच्या बाजूची होती. आजीला ते अंगठा दिल्यानंतर कळले.

रावेरचा केळीवाला

मी शेतकरी माणूस, कायद्याचे मला फार कळत नाही, पाण्यापुरते बोलतो.

माझ्या वडिलांनी ट्यूबवेल केली तेव्हा दीडशे फुटांवर पाणी होते. मी गेल्या साली मोटार पाचशे ऐंशी फुटांवर सोडली. सातपुड्याच्या पायथ्याची ही सगळी पट्टी आम्हीच उपसून कोरडी केली, हे मला मान्य आहे, आणि कोणीतरी आळा घातला पाहिजे हेही मान्य आहे. पण उद्या कोणी सांगितले की तुझ्या पाण्यावरचा हक्क संपला, यापुढे सरकारी खाते तुला वापराची परवानगी देईल, ती विकता येणार नाही आणि कारण पडल्यास काढूनही घेता येईल, तर माझी झोप उडेल. चिलीच्या मसुद्यात पाण्याची व्यवस्था साधारण अशीच होती. बड्या बागायतदाराकडे वकील असतो, तो परवाना मिळवतोच. ज्याच्याकडे दोन-तीन एकर आहे आणि पाण्याच्या हक्काचा एक कागद ट्रंकेत जपून ठेवला आहे, त्याचे काय? कृषिपंपाच्या वीजजोडणीसाठी मी एका कार्यालयाचे उंबरे तीन वर्षे झिजवले आहेत. ज्या माणसाने असे उंबरे झिजवले आहेत तो आपला कागद सोडून परवान्याच्या भरवशावर जात नाही, मग घटनेत कितीही चांगले लिहिलेले असो.

पेतोर्काच्या लोकांनी नकार का दिला, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी मात्र याच भीतीने नकार दिला असता.

फैजपूरकर

पेतोर्काने स्वतः नकार दिला, हे मी लिहायला हवे होते. वाचलेले होते, पण धाग्याच्या सुरुवातीला ते टाळले गेले, आणि वकीलसाहेबांनी ते पुढे आणले हे योग्यच केले. केळीवाले भाऊ, तुमची भीती मी नाकारत नाही. तरी एक विचारतो. तुमचा कागद सुरक्षित राहावा म्हणून बोदवडच्या त्या मुलीने वाटीने चिखलातले पाणी भरत राहायचे का? हक्काचा कागद ज्याच्याकडे आहे आणि ज्याच्याकडे कधीच नव्हता, त्या दोघांमध्ये घटनेने कोणाकडे आधी पाहावे?

अमळनेरची

मी राज्यशास्त्र शिकवते. या चर्चेत आकड्यांची एक बाजू राहून गेली आहे, आणि माझ्या मते सगळ्या घोळाचे मूळ तिथेच आहे.

२०२० मध्ये नवी घटना हवी असे ७८ टक्के म्हणाले, पण तेव्हा मतदान ऐच्छिक होते आणि निम्मेच मतदार आले होते. होकाराची मते होती सुमारे ५९ लाख. परिषदेच्या निवडणुकीला तर निम्म्याहूनही कमी मतदार आले. २०२२ चे सार्वमत सक्तीचे होते. त्या दिवशी सुमारे १ कोटी ३० लाख लोक मतदानाला आले आणि नकाराची मते पडली सुमारे ७९ लाख. म्हणजे ज्यांनी घटना मागितली आणि ज्यांनी ती लिहिणारे निवडले, त्यांच्यापेक्षा किती तरी मोठा समाज शेवटच्या दिवशी पहिल्यांदाच आत आला. त्याला परिषदेचे कामकाज माहीत होते ते बातम्यांमधून: घोषणाबाजी, भांडणे, आणि कर्करोग झाल्याचे खोटे सांगून निवडून आलेल्या एका सदस्याचे प्रकरण. सरकार घरे काढून घेणार अशा अफवा पसरल्या. मसुद्यात मालमत्तेचा हक्क स्पष्ट होता, पण अफवेला उत्तर देणारा माणूस आपल्या ओळखीचा नसेल तर लोक अफवेवरच विश्वास ठेवतात.

माझ्या आजीने १९५२ मध्ये पहिले मत दिले. मी महाविद्यालयात असताना घटनेची उद्देशिका मोठ्याने पाठ करत होते, आणि ती ओट्यावर बसून सुपात ज्वारी पाखडत होती. ‘आम्ही भारताचे लोक’ हे शब्द ऐकून तिने सूप थांबवले आणि विचारले, “हाई कोनी लिखं? आमले कोनी इचारं?” मी तिला घटना समितीविषयी सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली की मला पहिल्यांदा विचारले ते मतपेटीपाशी. तिच्यासाठी घटनेची संमती ही १९४९ ची नव्हती, १९५२ ची होती. घटना समितीतही दामोदर स्वरूप सेठ आणि हसरत मोहानी यांच्यासारखे सदस्य होते, ज्यांनी ही समिती सगळ्या जनतेची प्रतिनिधी नाही हा आक्षेप उघड नोंदवला होता. आपल्या घटनेला सार्वमत मिळाले नाही, पण पाठोपाठ आलेल्या निवडणुकीत प्रत्येक प्रौढ माणसाच्या हाती मत आले, आणि त्यानंतर घटना परकी वाटेनाशी झाली, असे मला आजीकडे पाहून वाटते.

म्हणून वकीलसाहेबांचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. सभागृहाने मंजूर केले म्हणजे संमती मिळते असेही नाही. नेपाळमध्ये २०१५ च्या सप्टेंबरात संविधान सभेने ५०७ विरुद्ध २५ मतांनी घटना मंजूर केली, सार्वमत घेतले नाही, आणि दक्षिणेकडच्या तराई या सखल भागातल्या मधेशी समाजाच्या पक्षांनी मतदानावर बहिष्कार टाकला. तराईत आंदोलनात आधीच माणसे मरत होती. घटना लागू होऊन चार-पाच महिने होतात न होतात तोच जानेवारी २०१६ मध्ये पहिली दुरुस्ती करावी लागली.

मला अमेरिकेचे १७८७-८८ चे उदाहरण जास्त शिकवून जाते. तिथे राज्यांनी प्रतिनिधींच्या सभा भरवून त्या घटनेवर मत दिले, आणि विरोध कडवा होता: नागरिकांच्या हक्कांची सनदच नाही, हा मुख्य आक्षेप. मॅसॅच्युसेट्समध्ये ती १८७ विरुद्ध १६८ मतांनी कशीबशी मंजूर झाली, आणि तीही सुचवलेल्या दुरुस्त्यांची यादी जोडून. व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. विरोधकांनी मागितलेल्या दुरुस्त्या १७९१ मध्ये घटनेत आल्या. सभेत बसलेल्या माणसाला ‘हो, पण’ म्हणता येते. मतपत्रिकेवर फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ असतात, आणि ३८८ कलमांपैकी ३८० मान्य असलेल्या माणसालाही उरलेल्या आठांसाठी नाही म्हणावे लागते. चिलीत ऑगस्ट २०२२ मध्ये सत्ताधारी पक्षांनी असाच ‘आधी मंजूर करा, मग दुरुस्त करू’ असा लेखी करार जाहीर केला, पण मतदानाला महिनाही उरलेला नव्हता आणि तोवर मने ठरलेली होती.

केळीवाले भाऊ, तुमच्यासाठी एक माहिती. केनियात २००५ मध्ये नव्या घटनेवर सार्वमत झाले तेव्हा निरक्षर मतदारांसाठी चिन्हे दिली होती: होकाराला केळे, नकाराला संत्रे. संत्रे जिंकले, सुमारे ५८ टक्क्यांनी. त्यानंतर २००७ च्या निवडणुकीपाठोपाठ तिथे भयंकर हिंसाचार झाला, हजाराहून जास्त माणसे मेली, आणि त्या धक्क्यानंतर नव्याने लिहिलेली घटना ४ ऑगस्ट २०१० रोजी दोन तृतीयांशांहून जास्त मतांनी मंजूर झाली. पहिला नकार म्हणजे शेवट नव्हे. पण होकारापर्यंत पोहोचायला केनियाने दिलेली किंमत कोणत्याही देशाला द्यावी लागू नये.

पांझराकाठ

ताई, ‘हो, पण’ हा मुद्दा मला पूर्ण पटला. सार्वमत घ्यायचेच असेल तर मसुदा अंतिम होण्याआधी लोकांकडे जायला हवा, आणि वादाची चार-पाच कलमे वेगळी काढून त्यांवर स्वतंत्र मत घ्यायला हवे.

चिलीच्या दुसऱ्या प्रयत्नाविषयी मात्र गुरुजींच्या बाजूच्या लोकांनी लक्षात घ्यावे असे काही आहे. मे २०२३ मध्ये नवे मंडळ निवडले गेले, त्यात या वेळी उजव्यांचे वर्चस्व होते, आणि ज्यांना २०२२ मध्ये बाजूला बसवले होते त्यांनी आता दुसऱ्यांना बाजूला बसवले. १७ डिसेंबर २०२३ रोजी तो मसुदाही सुमारे ५६ टक्के मतांनी पडला. डाव्यांचा मसुदा पाडणाऱ्या याच लोकांनी उजव्यांचाही पाडला. यावरून मला तरी वाटते की त्यांनी विचारसरणीला नकार दिला नव्हता. एकट्याने लिहिलेल्या घटनेला दिला होता. त्या मतदारांविषयी मला आदर वाटतो.

अक्राणी

आदर मलाही आहे. पण दोन नकारांनंतर चिलीत काय उरले, तेही पाहावे. १९८० चीच घटना चालू आहे आणि तीत आदिवासींना मान्यता आजही नाही. ज्यांना वाट पाहणे परवडते त्यांना ‘नंतर एकमताने लिहू’ हे म्हणणे सोपे जाते. आमच्याकडे पेसाच्या नियमांची वाट पाहता पाहता एक पिढी म्हातारी झाली. एकमताची अट नेहमी त्यालाच जड जाते ज्याच्याकडे आज काही नाही, आणि वाटणीपत्राच्या तुमच्या उदाहरणात, वकीलसाहेब, ज्या बहिणीचे नाव सातबारावर कधी लागलेच नाही ती सहीलासुद्धा नसते.

पांझराकाठ

हे मी मान्य करतो. बहिणीचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता.

रावेरचा केळीवाला

गुरुजींनी मला विचारले होते की आधी कोणाकडे पाहावे. टँकरमागे धावणाऱ्या बाईकडे, हे उघड आहे. त्यावर माझे दुमत नाही. पण ते घटनेनेच करावे लागते का? मी थोडे शोधून वाचले. चिलीच्या संसदेने जलसंहितेत केलेला बदल एप्रिल २०२२ मध्येच, सार्वमताच्या आधी, लागू झाला होता. पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम दिला, आणि नवे हक्क कायमचे न देता जास्तीत जास्त तीस वर्षांसाठी द्यायचे ठरवले. हा साधा कायदा होता, त्यासाठी ३८८ कलमे लागली नाहीत. आपल्याकडेही भूजलाचा कायदा आहेच. अंमलबजावणी होत नाही ही वेगळी गोष्ट. मला असे टप्प्याटप्प्याने चाललेले जास्त समजते. माझ्यासारख्याला त्यात पुढच्या वर्षी काय होणार ते दिसते.

फैजपूरकर

भाऊ, तो कायदा चांगलाच आहे आणि तुम्ही तो शोधून काढलात याचा मला आनंद वाटला. पण त्यातला फरक नीट पाहा. तीस वर्षांची मर्यादा नव्या हक्कांना आहे. पूर्वी वाटून झालेले हक्क, जे न वापरल्यास जाऊ शकतात, एरवी मुदतीविना चालू आहेत, आणि पेतोर्कासारख्या खोऱ्यांत नव्याने वाटायला पाणी उरलेलेच नाही. जुन्या हक्कांना हात घालायचा तर मालमत्तेचे कलम आडवे येते, आणि ते घटनेत आहे. म्हणून घटना बदलल्याशिवाय त्या वस्त्यांतला टँकर थांबेल कसा, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

मात्र या चर्चेनंतर एक कबूल करतो. तो मसुदा मंजूर व्हावा असे मी आजही म्हणेन, पण माणसे त्याला नाही म्हणतात हे मला उमगत नाही असे जे मी सुरुवातीला लिहिले, ते मागे घेतो. अक्राणीच्या ताईंना एक विनंती आहे. त्या आजीला महूच्या झाडांची ओळ नंतर कळली असे तुम्ही लिहिलेत. ती तिला कोणी आणि कशी सांगितली, तिने त्यावर काय विचारले, हे सवडीने लिहा. आमच्या तालुक्यातल्या अनुसूचित गावांमध्ये ग्रामसभेच्या वेळी जाऊन बसायचे मी ठरवले आहे, आणि तिथे ठराव कोणत्या भाषेत वाचला जातो तेही मला ऐकायचे आहे.